एअरबॅगचा दिवा लागलाय, म्हणजे एअरबॅग चालू आहे का?

कुणी लोकलमध्ये असाल, कुणी भांडी घासत ऐकत असाल. गाडी चालवत असाल तर आत्ता लगेच मीटरकडे बघू नका, सिग्नलला थांबलात की बघा. तिथे एक छोटं चित्र असतं, बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात गोल फुगा. ते पेटलेलं दिसलं तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे.

झालं काय, गणपतीला मी घरी चिपळूणला गेलो होतो. बाबांची गाडी २०१३ ची. तेव्हा शेजारच्या सीटला एअरबॅग हवी असेल तर बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये वरचं मॉडेल घ्यावं लागायचं. ती सक्तीची झाली २०२१ मध्ये, म्हणजे अगदी आत्ता. बाबांनी तेव्हा पदरचे जास्त पैसे घालून दोन एअरबॅगवालं मॉडेल घेतलं होतं, आणि ते अजूनही पाहुण्यांना सांगतात.

तर आम्ही हार-फुलं आणायला बाजारात निघालो. मी शेजारी बसलो, बघतो तर दिवा पेटलेला.

"बाबा, हा कधीपासून लागलाय?"

"जूनपासून असेल. का रे? चांगलंच आहे की, एअरबॅग चालू आहे म्हणजे."

मला काही सुचेचना. कारण आई-बाबा दर पंधरा दिवसांनी आईच्या डोळ्यांच्या उपचारासाठी रत्नागिरीला जातात. जाऊन-येऊन पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटर, तेही हायवेने, भर पावसात. आई पुढे बसते, मांडीवर डबा. आणि बाबा समजत होते की दिवा लागलाय म्हणजे आपण सुरक्षित आहोत.

बरोबर उलटं आहे. किल्ली फिरवली की हा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. विझला म्हणजे सिस्टीमने स्वतःला तपासलं आणि सगळं ठीक आहे. लागूनच राहिला म्हणजे तिला कुठेतरी दोष सापडलाय. काही गाड्यांत तेवढं एकच सर्किट बंद होतं, काहींत सगळंच बंद होतं, आणि कुठलं ते दिव्याकडे बघून कळत नाही. म्हणून धरून चालायचं की आत्ता धडक झाली तर काहीच उघडणार नाही. बाबांना दोष देत नाही मी. गाडीतले बाकीचे किती दिवे 'चालू आहे' म्हणूनच लागतात! हेडलाईटचा, इंडिकेटरचा. त्यांचा तर्क चुकीचा नव्हता, पण दिवा वेगळा होता.

एक गोंधळ इथेच मिटवतो. काही गाड्यांमध्ये 'पॅसेंजर एअरबॅग ऑफ' असा वेगळा दिवा असतो. तो बिघाडाचा नाही. ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा डॅशबोर्डच्या कडेला किल्लीने फिरवायचा स्विच असतो, तो कुणीतरी बंद केलेला असतो. मागे तोंड करून बसवायची बेबी सीट पुढे लावायची असेल तर एअरबॅग बंदच हवी, म्हणून ही सोय. जुनी गाडी घेतली असेल तर हा स्विच आधी बघा, आधीच्या मालकाने बंद करून ठेवलेला असू शकतो.

आमच्या गाडीत तसा स्विच नव्हता. मग मी माझं ब्लूटूथ स्कॅनर काढलं, ते ऑनलाईन स्वस्तात मिळतं ना, तेच. मोबाईलला जोडलं, स्कॅन केलं, ॲप म्हणतंय काहीही दोष नाही. बाबा म्हणाले, "बघ, मी सांगत होतो." तर लक्षात घ्या, ही स्वस्त स्कॅनर बहुतेक करून फक्त इंजिनचे कोड वाचतात. एअरबॅगचं मॉड्यूल वेगळं असतं, त्याचे कोड इंग्रजी 'बी'ने सुरू होतात, आणि ते वाचायला त्या मॉड्यूलशी बोलणारं स्कॅनर लागतं. तुमच्या ॲपने 'ऑल ओके' म्हटलं म्हणून हुरळून जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. तो म्हणाला, "बल्ब काढून देतो, दोन मिनिटांचं काम." मी हात जोडले आणि निघालो. हे फार चालतं बरं का. बल्ब काढतात, नाहीतर एअरबॅगच्या जागी एक रेझिस्टर लावून मॉड्यूलला फसवतात. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा किल्ली फिरवून आधी हाच दिवा बघा. तो लागून विझला पाहिजे. अजिबात लागलाच नाही, तर बल्ब काढलेला असू शकतो. रेझिस्टरची चलाखी मात्र दिव्यावरून कळत नाही, त्यासाठी उघडूनच बघावं लागतं.

दुसरा मेकॅनिक भेटला तो शांत माणूस होता. त्याच्या स्कॅनरवर कोड आला: पुढच्या पॅसेंजरचा सीटबेल्ट प्रीटेन्शनर, रेझिस्टन्स जास्त. म्हणजे एअरबॅगही नाही, सीटबेल्ट! धडकेच्या क्षणी बेल्ट खाडकन मागे ओढून घेणारा जो छोटा बार असतो, तो प्रीटेन्शनर. त्याचा आणि एअरबॅगचा कारभार एकाच मॉड्यूलकडे असतो, म्हणून दिवाही एकच.

आता हे रेझिस्टन्सचं प्रकरण सोपं आहे. मॉड्यूल त्या तारांमधून सतत अगदी बारीकसा करंट सोडून बघत असतं की वाट मोकळी आहे ना. साधारण दोन ओहमच्या आसपास रेझिस्टन्स अपेक्षित असतो. इतक्या कमी आकड्यात कनेक्टरच्या पिनवर थोडी हिरवी गंज-बुरशी चढली तरी फरक लगेच दिसतो आणि दिवा लागतो. जुन्या गाड्यांमध्ये बॅगपेक्षा हे पिवळे कनेक्टरच जास्त दगा देतात. सीट मागे-पुढे करताना तार ओढली जाते, साफसफाई करताना धक्का लागतो.

त्याने बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि सरळ चहा मागवला. मी म्हटलं, सुरू करू या की. तर म्हणाला, "थांबायचं. बॅटरी काढली तरी मॉड्यूलमध्ये चार्ज शिल्लक असतो." किती थांबायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, आम्ही दहा मिनिटं थांबलो. घरी बसून हे करायला जाऊ नका, आणि एअरबॅगच्या तारांना मल्टीमीटर तर बिलकूल लावू नका. मीटर स्वतः करंट सोडतो, आणि पलीकडे स्फोटक आहे.

सीट पुढे सरकवून त्याने कार्पेटला हात लावला. ओलं! पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. दाराच्या कडेने जाणारी वायर तिथेच, आणि पिवळ्या कनेक्टरच्या पिना हिरव्या.

बाबांचा निकाल तयार होता. "हिची छत्री." आई ओली छत्री नेहमी सीटखाली सरकवते, आणि त्यावरून त्यांचं जुनं भांडण आहे. पण मेकॅनिकने एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतं का विचारलं. आठवून बघितलं, तर नाही. आपल्याकडच्या दमट हवेत एसी लावला की खाली डबकं साचायला हवं. ते पाणी बाहेर जायची नळी गाळाने तुंबली होती, आणि आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत एसीचा तो भाग बहुधा डाव्या बाजूला असतो. म्हणजे मे महिन्यापासून सगळं पाणी आईच्या पायाशी. त्याने हवा मारली, काळा गाळ बाहेर पडला आणि गाडीखाली नळ सुटल्यासारखं पाणी. छत्री निर्दोष सुटली.

कनेक्टर इतका गेला होता की नुसता पुसून भागणार नव्हतं, पिनांसकट नवा तुकडा जोडला. कार्पेट उचलून दोन दिवस वाळवलं. सगळं जोडल्यावर बॅटरी लावली, कोड पुसला. दोष तसाच असेल तर पुसलेला कोड लगेच परत येतो. किल्ली फिरवली. दिवा लागला... आणि विझला. एकूण खर्च, बाबांच्या भाषेत, "टायरच्या निम्मा पण नाही."

जाता जाता मेकॅनिकने अजून एक केलं. डॅशबोर्डवर डावीकडे 'एअरबॅग' लिहिलंय त्याच झाकणावर आईने चिकटवलेला छोटा गणपती होता. बॅग पापणी लवायच्या आत उघडते, झाकणावरची वस्तू थेट तोंडावर येते. बाप्पा मध्यभागी आले. आई आधी नाराज होती, आता म्हणते इथून नीट दिसतो.

आणि ज्या गोष्टीला दिवा लागतच नाही ती पण सांगतो. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅग जगभर परत मागवाव्या लागल्या, कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. आतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं, आणि बॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. वायरिंग ठीक असतं, म्हणून दिवा गप्प. भारतातही अनेक कंपन्यांनी अशा गाड्या परत बोलावल्या. तुमची गाडी त्या काळातली असेल तर आरसीवरचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाईटवर टाकून बघा, रिकॉलमध्ये असेल तर बॅग फुकट बदलून देतात. मी बाबांच्या गाडीचा टाकला, आमची यादीत नव्हती.

काल फोन केला तेव्हा ते दोघं रत्नागिरीहून परतत होते, आईने उचलला. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "विझलेला आहे. आणि छत्री मी मागच्या सीटखाली ठेवलीय." मागून बाबांचा आवाज आला, "आता तिथलं कार्पेट भिजव."

चला, भेटू पुढच्या भागात.