स्वतःची डिस्क, स्वतःचे निर्णय

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘संगणक आणि आपण’ असा ऐसपैस विषय दिला होता. मी तो एका पेन ड्राइव्हमध्ये मावेल एवढा लहान करून आणलाय. संगणकाच्या हार्ड डिस्कला हात न लावता तो सुरू करणारी लिनक्सची लाइव्ह डिस्क आपण स्वतः कशी बनवायची, आणि ती बनवताना कोणते निर्णय घ्यावे लागतात, एवढंच आज सांगणार आहे. समोर काही जण इंजिनिअरिंगचे आहेत, काही बीए-बीकॉमचे. सगळ्यांना कळेल असं बोलायचा प्रयत्न करतो. कळलं नाही तर मध्येच थांबवा.

आधी लाइव्ह म्हणजे काय ते पाहू. एरवी संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम हार्ड डिस्कवर असते. लाइव्ह प्रकारात ती पेन ड्राइव्हवर किंवा डीव्हीडीवर असते. संगणक सुरू झाला की आधी बूटलोडर येतो, तो लिनक्सचं कर्नल मेमरीत आणतो आणि कर्नल पेन ड्राइव्हवरची एक मोठी, दाबून बसवलेली फाइल शोधतं. तिला स्क्वॉशएफएस म्हणतात. अख्खी सिस्टिम तिच्यात असते, पण ती फक्त वाचता येते, बदलता येत नाही. मग आपण फाइल सेव्ह करतो ती कुठे जाते? रॅममध्ये. एखाद्या पुस्तकाच्या पानावर पारदर्शक प्लॅस्टिक ठेवा आणि त्यावर स्केचपेनने लिहा. वाचताना दोन्ही एकत्र दिसतं, पण प्लॅस्टिक उचललं की पान कोरं. तंत्रज्ञानाच्या भाषेत या प्लॅस्टिकला ओव्हरले म्हणतात. संगणक बंद केला की ते प्लॅस्टिक गेलं.

कल्पना जुनी आहे. १९९२ मध्ये इग्द्रासिल नावाचं लिनक्स सीडीवरून चालवता येत होतं. ती लोकप्रिय केली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी. २००० साली त्यांनी क्नॉपिक्स आणलं. ७०० एमबीच्या सीडीत सुमारे दोन जीबीचं सॉफ्टवेअर दाबून बसवलेलं असायचं. बंद पडलेल्या संगणकातल्या फाइली बाहेर काढायला माझ्या पिढीतल्या अनेकांनी तीच सीडी वापरली.

आता हे आपल्याला कशाला हवं? माझ्याकडे दोन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे जुनी यंत्रं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेला कोणी दान दिलेले संगणक बहुतेक या अटीत बसत नाहीत. म्हणून ते भंगारात घालायचे का? पडदा, कळफलक, प्रोसेसर सगळं चालू असताना? एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप दिला की अशी यंत्रं अर्ज भरायला, पीडीएफ वाचायला, टायपिंग शिकायला छान चालतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या वस्त्यांमध्ये संगणक एकाचा नसतो, तो सगळ्यांचा असतो. एखादी मुलगी अभ्यासिकेत किंवा नेट कॅफेत बसून महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरते. आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँक पासबुक, फोटो, सही असं सगळं ती त्या संगणकावर उतरवते आणि घरी जाते. तिच्यानंतर बसणारा ‘डाउनलोड्स’ उघडतो, तेव्हा तिचा पत्ता, जन्मतारीख आणि खातेक्रमांक त्याच्यासमोर असतो. तिने लॉगआउट केलं नसेल तर तिचा ईमेलही उघडा असतो. कोणी मुद्दाम वाईट वागायलाच हवं असं नाही, नुसता संगणक आठवण ठेवतो एवढंही पुरतं. लाइव्ह सिस्टिम विसरते. बटण बंद केलं की तिला मागच्या माणसाचं काही आठवत नाही. २००९ पासून टेल्स नावाची डिस्क याच गुणावर उभी आहे. पत्रकार आणि कार्यकर्ते ती जगभर वापरतात.

आता बनवायची कशी ते सांगतो. मार्ग बरेच आहेत. मी डेबियनच्या लाइव्ह-बिल्ड या साधनाबद्दल बोलतो, कारण ते मी वापरतो. डेबियन बसवलेला एक संगणक, दहा-पंधरा जीबी मोकळी जागा आणि बरं इंटरनेट एवढं लागतं. एक रिकामं फोल्डर करायचं आणि त्यात ‘एलबी कॉन्फिग’ ही आज्ञा द्यायची. ती पूर्ण सांगाडा तयार करून देते. त्यात आपल्या कामाच्या तीन जागा आहेत.

पहिली जागा पॅकेजांच्या यादीची. साधी मजकुराची फाइल, एका ओळीवर एक नाव. फायरफॉक्स, लिबर ऑफिस, पीडीएफ वाचायला काहीतरी, टायपिंगचा सराव. दुसरी जागा आपल्या स्वतःच्या फाइलींची. तिथे ठेवलेली फाइल तयार डिस्कमध्ये त्याच ठिकाणी दिसते. डेस्कटॉपवर ‘इथून सुरुवात करा’ अशी मराठी-उर्दू चिठ्ठी हवी असेल तर ती इथे. तिसरी जागा हुक्सची. सिस्टिम तयार होत असताना चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट इथे ठेवतात. नको त्या सेवा बंद करणं, ब्राउझरची सुरुवातीची सेटिंग्ज बदलणं ही कामं इथली.

मग ‘एलबी बिल्ड’. ही आज्ञा त्या फोल्डरच्या आत एक अख्खी डेबियन बसवते, आपली पॅकेजं घालते, हुक्स चालवते, सगळं दाबून स्क्वॉशएफएस बनवते आणि शेवटी बूटलोडरसह एक आयएसओ फाइल हातात देते. ही फाइल हायब्रिड असते, म्हणजे डीव्हीडीवरही चालते आणि पेन ड्राइव्हवरही. ती आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून पाहा. पेन ड्राइव्हवर लिहिताना ड्राइव्हचं नाव दोनदा तपासा. चुकीचं नाव दिलंत तर त्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल.

दोन बारकावे सांगतो. यंत्र ३२ बिटचं असेल तर डेबियन १२ घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर मिळत नाहीत. आणि वायफाय चालत नसेल तर कॉन्फिग करताना ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग चालू केलाय का ते बघा. बऱ्याच वायफाय चिप त्याशिवाय जाग्याच होत नाहीत.

तंत्र एवढंच आहे. हे दोन दिवसांत शिकता येतं. वेळ लागतो तो निर्णयांना. आजवर हे निर्णय आपल्यासाठी दुसऱ्या कोणीतरी घेतले होते, म्हणून ते निर्णय आहेत हेच आपल्या लक्षात आलं नव्हतं.

पहिला निर्णय भाषेचा. डिस्क सुरू होताना पडद्यावर कोणती भाषा यावी? आमच्या अभ्यासिकेत मराठी शाळेतली मुलं येतात आणि उर्दू शाळेतलीही. आम्ही दोन्ही ठेवल्या, आणि कळफलकही दोन्ही. उर्दूसाठी साधा नस्ख वळणाचा फॉन्ट घातला तर अक्षरं दिसतात, पण नस्तालीकची सवय असलेल्या मुलांना ते परकं वाटतं. म्हणून नोटो नस्तालीक उर्दू घातला. मराठीची माझी चाचणी ठरलेली आहे: ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ आणि ‘ॲप’ टाइप करून बघायचं. ‘ऱ्य’ चा अर्धा र नीट येतो का? ‘ॲ’ च्या जागी चौकोन दिसतो का? हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये ते नसतं. मराठी वळणाचे ल आणि श येतात की हिंदी वळणाचे, तेही बघा. ही चाचणी परदेशातला कोणी आपल्यासाठी करणार नाही. ज्याला फरक दिसतो, त्यानेच करायची.

दुसरा निर्णय आठवणीचा. पेन ड्राइव्हवर ‘पर्सिस्टन्स’ नावाचा वेगळा भाग करून फाइली कायम ठेवता येतात. तुमचा स्वतःचा पेन ड्राइव्ह असेल तर जरूर करा. सगळ्यांच्या संगणकासाठी करू नका. मुलं तक्रार करतील की निबंध गेला. त्यांना स्वतःच्या पेन ड्राइव्हवर सेव्ह करायची सवय लावा. एकाची सोय आणि पुढच्याची सुरक्षितता यात आम्ही सुरक्षितता निवडली.

तिसरा निर्णय नाजूक आहे. २००७ साली उबुंटू मुस्लिम एडिशन नावाची एक डिस्क आली, पुढे तिचं नाव सबिली झालं. त्यात कुराण वाचायला झेकर हे सॉफ्टवेअर होतं, नमाजाच्या वेळा दाखवायची सोय होती आणि नको त्या वेबसाइट गाळणारी यंत्रणाही होती. काही वर्षांनी ती बंद पडली. आमच्या गटात कोणीतरी विचारलं, आपणही गाळणी घालायची का? लहान मुलांसाठी मागणी रास्त आहे. पण ‘नको त्या’ म्हणजे कोणत्या, हे कोण ठरवणार? एखाद्या मुलीला स्वतःच्या शरीराबद्दल माहिती वाचायची असेल, कुणाला आपल्या मताविरुद्धचा लेख वाचायचा असेल, तर डिस्क बनवणाऱ्याने त्याला न कळवता दार बंद करायचं का? आम्ही ठरवलं की आमच्या डिस्कमध्ये न सांगता काहीही अडवायचं नाही, आणि काय घातलंय, काय काढलंय याची यादी डेस्कटॉपवरच ठेवायची. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. तो लपलेला नसावा, एवढंच माझं म्हणणं आहे. डिस्क बनवणाऱ्याच्या हातात ती वापरणाऱ्यांवर चालणारी सत्ता असते. छोटी असली तरी ती सत्ताच आहे.

म्हणून तयार आयएसओपेक्षा तिची कृती जास्त मोलाची. आयएसओ दोन-तीन जीबीची असते. कृतीचं फोल्डर, म्हणजे त्या याद्या आणि स्क्रिप्ट, काही केबीमध्ये मावतं आणि कोणालाही वाचता येतं. दोन्ही द्या. सोबत फाइलचा शा-२५६ हा ठसाही द्या. तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. ज्याला डिस्क मिळेल त्याने आपल्याकडचा ठसा ताडून पाहावा. ‘अमुक भाईने दिलीय, म्हणजे बरोबरच असेल’ एवढ्यावर थांबू नये. आणि जीपीएल परवान्याखालचं सॉफ्टवेअर वाटताना त्याचा सोर्स कोड मिळण्याची सोय करणं ही परवान्याची अट आहे, उपकार नाही.

या डिस्ककडून भलत्या अपेक्षा ठेवू नका. तुम्ही ज्या वेबसाइटवर गेलात तिला तुम्ही दिसताच. कळफलकाला कोणी चोरटं यंत्र जोडलं असेल तर ही डिस्क काही करू शकत नाही. दोन जीबी रॅमवर ब्राउझरचे दहा टॅब उघडलेत तर ती अडकेल, कारण तुमचं प्लॅस्टिकही त्याच रॅममध्ये आहे. शिवाय ही न बदलणारी सिस्टिम आहे, म्हणून ती शिळी होते. ब्राउझरमधल्या त्रुटी सतत सापडत असतात. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा बिल्ड करा आणि पेन ड्राइव्हवर तारीख लिहा. हे काम एकट्यावर ठेवू नका. तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला की डिस्क तिथेच थांबते. निदान दोघांना येऊ द्या, आणि त्या दोघांत एक मुलगी असू द्या. संगणकाची खोली पोरांची असते, ही समजूतही त्यानिमित्ताने जाईल.

जाताना एक काम देतो. पुढच्या महिन्यात तुमच्या गावातल्या एका अभ्यासिकेत जा आणि तिथल्या संगणकाचं ‘डाउनलोड्स’ फोल्डर व्यवस्थापकांच्या समोर, त्यांच्या परवानगीने उघडा. कोणाचीही फाइल उघडू नका, फक्त किती आहेत ते मोजा. मग त्यांना विचारा, हे सगळं इथे का आहे? तिथून पुढचं बोलणं आपोआप सुरू होईल. आणि बिल्ड करताना अडलात तर मी आहेच.