धंद्याची पहिली लिखापढी

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या ह्या आनंदात कोर्टकज्जांचा विषय काढणे काहींस रुचणार नाही. तथापि वकिलाच्या पायरीवर जाण्यापूर्वी भांडणे बहुधा आमच्या पायरीवर येतात, म्हणून दोन शब्द बोलण्याचा आम्हांस अधिकार आहे असे समजावे. ती भांडणे परक्यांची नसतात. सख्ख्या भावांची असतात. आणि मूळ शोधू जावे, तो धंदा आरंभिताना एक ओळही कागदावर उतरलेली नसते. "भावाभावांत कागद कशाला?" हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की, आज त्याचेच उत्तर द्यावे असे योजिले आहे.

आपल्या लोकांत असा समज आढळतो की, एका चुलीवर जेवणाऱ्या भावांचे दुकान ते घराचे दुकान, व त्यात सर्वांचा जन्मतःच वाटा. हा समज शेजारच्या हिंदु घरांकडे पाहून झाला असावा. हिंदु एकत्र कुटुंबास कायद्यात निराळे स्थान आहे. ख्रिस्ती कुटुंबास तसे नाही. 1932 च्या भागीदारीच्या कायद्याप्रमाणे भागीदारी कराराने उत्पन्न होते, नात्याने नव्हे. तेव्हा दोघे भाऊ बेकरी घालीत असतील, तर ते कराराने भागीदार आहेत, की एक मालक व दुसरा त्याचा नोकर, हे पहिल्या दिवशीच ठरविले पाहिजे.

करार तोंडीही चालतो, आणि हीच मोठी आपत्ती होय. कारण जे आपण ठरवीत नाही, ते कायदा आपल्या रीतीने भरून काढतो. समजा, थोरल्याने पाच लाख घातले. धाकट्याने पन्नास हजार घातले व रोज पहाटे तीनपासून भट्टीपुढे अंग झिजविले. निराळे काही ठरले नसल्यास 13 व्या कलमाप्रमाणे नफातोटा दोघांचा सारखा, आणि कामाबद्दल धाकट्यास पगार मागता येत नाही. दोघांसही आपणांवर अन्याय झाला असे वाटते, आणि दोघेही खरेच बोलत असतात. म्हणून भांडवल कोणाचे किती, काम कोणी करावयाचे, पगार किती, बँकेत सही कोणाची, एकजण निघाल्यास त्याचा वाटा कसा मोजावयाचा, हे मुद्रांकाच्या कागदावर लिहून काढावे. तो लेख बायकांसमोर मोठ्याने वाचावा, असेही आमचे मत आहे. वकील हे सांगत नाहीत.

लेख झाला की भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे नोंदणी करावी. ती सक्तीची नाही, म्हणूनच टाळली जाते. परंतु 69 व्या कलमान्वये नोंदणी नसलेल्या पेढीस करारावरून बाहेरच्या माणसावर दावा लाविता येत नाही. गिऱ्हाईकाने केकचे पैसे बुडविले, तर बुडाले. तिच्यावर मात्र कोणीही दावा लावू शकतो. महाराष्ट्राने 1984 च्या दुरुस्तीने अशा पेढीच्या भागीदारास हिशोब मागण्यासही मनाई केली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये रद्द ठरविली.

पेढीच्या सर्व कर्जास प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार असतो. ज्यांस हे भय नको, त्यांनी 2008 च्या कायद्यातील मर्यादित दायित्वाची भागीदारी किंवा 2013 च्या कायद्याखालील कंपनी, एका माणसाचीही चालते, तिचा विचार करावा. आपल्यातला कोणी भागीदारी सोडून आखातात नोकरीस जातो, तेव्हा त्याने आपण निघाल्याची रीतसर जाहीर नोटीस दिली नाही, तर पुढील व्यवहारांच्या देण्यासाठीही घेणेकरी त्याला गाठू शकतात.

आणि मरणाचाही विचार करावा. निराळे ठरले नसल्यास एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी मोडते. 1925 च्या वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसल्यास व मुले असल्यास, ख्रिस्ती विधवेस नवऱ्याच्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा मिळतो. उरलेले मुलामुलींत सारखे. पण कशाचा तिसरा? दिराने "त्याचे येथे काहीच नव्हते" म्हटले, तर त्या बाईने कोणता कागद पुढे करावा?

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. पेढीच्या नावाने पॅन व बँकेचे खाते काढावे. दुकानासंबंधी 2017 चा राज्याचा कायदा आहे. कामगार थोडे असल्यास नुसती सूचना पुरते, अधिक असल्यास नोंदणी लागते. खाद्यपदार्थ घरी करून विकणाऱ्या भगिनींसही अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. जीएसटीची नोंदणी सामान्यतः केवळ माल विकणाऱ्यास वर्षाची उलाढाल 40 लाखांवर गेल्यास व सेवा देणाऱ्यास 20 लाखांवर गेल्यास लागते. लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे. तिला सरकार एक पैसाही घेत नाही. तिच्यासाठी हजार रुपये मागणारा दलाल दारी आला, तर त्यास चहा पाजून परत पाठवावे.