दगडातील वनस्पती आणि गतकाळचे हवामान



उचगाव-निपाणीच्या टापूत दख्खनच्या काळ्या पाषाणाची दक्षिण कड येते. हा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा. तो एका दमात वाहिला नाही. एक थर निवून दुसरा येईपर्यंत तळी साचली, झाडे वाढली. त्यांची फळे-लाकडे गाळात पडली आणि सिलिकेने भरून दगड झाली. लाव्ह्याच्या दोन थरांमधील या गाळास आंतरट्रॅपी थर म्हणतात.

त्या काळचे ऊन-पाऊस कोणी मोजून ठेवले नाहीत. परंतु झाड जागचे हलू शकत नाही; जे हवामान येईल ते त्यास सोसावे लागते आणि त्याची खूण अंगावर उरते. पानावरून हंगाम ओळखणे निपाणीच्या तंबाखू पिकविणाऱ्यांस कोणी शिकवावयास नको! १९१५ साली बेली व सिनॉट या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की, उष्ण-दमट प्रदेशांतील वृक्षांत अखंड कडांच्या पानांच्या जाती अधिक, तर थंड प्रदेशांत दातेरी पानांच्या. हे प्रमाण मोजून लुप्त अरण्यातील तापमानाचा अंदाज बांधता येतो. लाकडातील वलयांवरून ऋतुभेद किती तीव्र होता, ते कळते.

दख्खनच्या थरांत मात्र पाने थोडी. फळे, बिया व लाकूडच अधिक. तेथे जीवाश्माचा आजचा नातलग शोधून तो कोठे नांदतो, हे पाहावे लागते. नागपूरच्या उत्तरेस, छिंदवाड्याकडील मोहगाव कलाँ येथे निपा या ताडकुळातील वनस्पतीचे अश्मीभूत फळ मिळाले. निपा आज सुंदरबन-अंदमानच्या खाऱ्या चिखलात वाढते. तेव्हा समुद्राचा एखादा फाटा येथवर आला असावा, असे अनुमान डॉ. बिरबल साहनी यांनी केले.

पण त्याच परिसरातील सौंसरकडे साहनींनाच ॲझोलाचे जीवाश्म सापडले. हे संथ गोड्या पाण्यावर तरंगणारे नेचे. आपल्याकडे हिरवळीचे खत म्हणून भातखाचरात सोडतात ते. एक साक्षीदार खाडी सांगतो, दुसरा गोडे तळे. दोन्ही साक्षी एकाच वेळच्या, एकाच पाण्याच्या असतील असेही नाही. खाडी आणि तळे शेजारी नांदू शकतात. शिवाय कोट्यवधी वर्षांत वनस्पतीच्या सवयी बदलल्या नसतील, हे गृहीत धरणे धाडसाचेच. म्हणून एका फळावर निवाडा न करता सबंध वनस्पतिसमूह पाहावा लागतो. निदान एवढे निश्चित, की ताडकुळातील इतके वृक्ष जेथे वाढले तेथे कडाक्याची थंडी नव्हती. आणि भारतभूमी त्या वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, हेही विसरून चालणार नाही.

लखनौच्या पुरावनस्पती संस्थेची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी बसली आणि आठवडाभरातच साहनी निवर्तले. पुढे त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी संस्था उभी केली. समुद्राच्या त्या फाट्याचा वाद मात्र साहनींबरोबर संपला नाही. जेथे त्याचा निकाल लागायचा ते दगड आजही कोणाच्या तरी शेताच्या बांधात पडून असतील, किंवा खडी होऊन रस्त्याखाली गेले असतील.