घरातील दप्तर, मोबाइलमधील दप्तर

गोव्यातील पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली गेले आणि १९६१ मध्ये मुक्त झाले. साहजिकच येथील जुन्या घरांच्या पेटाऱ्यांत मोडीतील फर्दी, पोर्तुगीज दस्तऐवज आणि मुक्तीनंतरचे कूळ-मुंडकारांचे कागद एकत्रच सापडतात.

गणेश चवथीपूर्वी, गणपतीवर माटोळी बांधण्याआधी, घराची झाडलोट होतेच; त्या वेळी मोडकी भांडी व निरुपयोगी वस्तू अवश्य काढाव्यात, परंतु दप्तराला हात घालावा तो पाऊस सरून हवा कोरडी झाल्यावर, आणि ओलसर कागद उन्हात न टाकता सावलीत वाळवावेत. जतन करण्याचे, तपासण्याचे आणि निकालात काढण्याचे असे त्यांचे तीन विभाग करावेत. ज्या कागदाची लिपी वा भाषा आपणांस अवगत नाही, तो जाणकारास दाखविल्यावाचून नष्ट करू नये. अशी विचारपूस करण्यासाठी, ज्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते, ते पुराभिलेखागार पणजीतच आहे.

हीच शिस्त मोबाइलमधील दप्तरासही लागू आहे. एकच छायाचित्र अनेकदा साठले असेल, तर एक ठेवून बाकीची पुसावीत. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याच्या फाइलीस सर्व्हे क्रमांक व वर्ष यांचे नाव द्यावे. २०१५ पासून उपलब्ध असलेल्या डिजिलॉकरचा उपयोग करावा आणि महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. जुना मोबाइल देऊन टाकण्यापूर्वी त्यातील माहिती पुसण्यास मात्र विसरू नये.

एका रविवारी एकच पेटारा किंवा एकच फोल्डर, एवढा नेम पाळावा. वर्षाअखेर घर आणि दप्तर दोन्ही हाताशी येतील.