ट्रंकेतल्या पांढऱ्या गोळ्या
(महिला आरोग्य शिबिरातील भाषण)

माझ्या धाकट्या जावेला आठव्या महिन्यात झटके आले तेव्हा घरात पहिला शब्द निघाला तो ‘बाहेरचं’ असा. पाय सुजले होते, चार दिवस डोकं ठणकत होतं. ‘पोटुशीचे पाय सुजायचेच’ म्हणणाऱ्यांत मीही होते. ती वाचली, मूल गेलं. नंतर तिची ट्रंक आवरताना गोळ्यांची पाकिटं निघाली. लाल लोहाच्या, पांढऱ्या कॅल्शियमच्या. दोन्ही एकदम घेऊन मळमळायचं, म्हणून तिने ठेवून दिल्या होत्या. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी या पांढऱ्या गोळीच्या मागे लागले.

१९८० साली बेलिझान आणि विलार या डॉक्टरांनी ग्वाटेमालातली गोष्ट पुढे मांडली. तिथल्या माया बायका गरीब, तरी गरोदरपणातले झटके कमी. त्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवून त्याची भाकरी करतात, म्हणजे कॅल्शियम रोज पोटात जातं. (आपल्याकडे चुना जातो तो तंबाखूबरोबर. तो हिशेबात धरू नका!) कॅल्शियम कमी पडलं की शरीर एक संप्रेरक वाढवतं. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरतं, त्या आवळतात आणि दाब चढतो, असं समजतात.

पुढे अमेरिकेत ४,५८९ बायकांना घेऊन अभ्यास झाला. १९९७ साली निष्कर्ष आला, गोळीने फरक पडला नाही! त्यांच्या जेवणात कॅल्शियम आधीच पुरेसं होतं. गुण येतो तो ज्यांच्या ताटात ते पोचत नाही त्यांना. म्हणजे गाडी पुन्हा ताटावरच आली. गोठ्यात म्हैस असते, दूध डेअरीला जातं, आणि उरलेलं कुणाच्या पेल्यात जातं ते मी तुम्हाला काय सांगू? नाचणी तरी आपल्या हातात आहे. शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम.

सरकारच्या २०१४ च्या सूचनांत चौदाव्या आठवड्यापासून रोज पाचशे मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आहेत, बाळंतपणानंतरही सहा महिने. २०२४ साली बंगळूर आणि टांझानियात प्रत्येकी ११,००० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दाबाचा आजार टाळण्यात रोजचे पाचशे मिलिग्रॅम हे दीड हजारापेक्षा कमी पडले नाहीत. एक गोळी गिळणं तीन गिळण्यापेक्षा सोपं, हे बाईलाच कळतं.

पण चढलेला दाब या गोळीने उतरत नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगडीखाली कळ आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन असतं, ते आहे का हे विचारायचं. जावेचा दाब नऊ महिन्यांच्या कार्डावर एकदाच लिहिलेला होता.

दाब मोजायचं यंत्र आज त्या टेबलावर ठेवलंय. आपल्यात दोघी पोटुश्या आहेत, त्यांनी आधी या.