निळा ठिपका कडा दाखवत नाही

आज विषय नकाशाचा. "नकाशा काय शिकायचा, मोबाईलमध्ये आहे की!" मीही हेच म्हणायचो. उंबरमाळीला जाईपर्यंत.

उंबरमाळी म्हणजे खर्डी आणि कसाऱ्याच्या मधलं छोटं स्टेशन. पावसाळ्यात आम्ही तिघं तिथे उतरलो आणि जवळच्या डोंगरात भटकायला गेलो. परतताना नेटवर्क गेलं. माझ्या फोनवर निळा ठिपका दिसत होता, पण मागे नुसता करडा पडदा. जीपीएस थेट उपग्रहांचे सिग्नल घेतं, त्याला नेट लागत नाही. नेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला.

मित्राने नकाशा डाऊनलोड केला होता. त्यात रस्ता जेमतेम अर्धा किलोमीटर. समोरच्या ओढ्याने सरळ खाली उतरायचं ठरलं. तेवढ्यात गुरं घेऊन निघालेले एक आजोबा ओरडले, "ओढ्यानं नको रे पोरांनो, पुढं कडा हाय! धारेनं जा."

घरी येऊन गूगल मॅप्समध्ये टेरेन लेयर लावला. त्या ओढ्यावर बारीक रेषा एकमेकींना अगदी चिकटलेल्या. कडा नकाशात होता, आम्हाला वाचता येत नव्हता.

या रेषा म्हणजे कंटूर, मराठीत समोच्च रेषा. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. रेषा लांब लांब असतील तर उतार सौम्य, चिकटल्या तर उभा. रेषांचं टोक 'व्ही'सारखं चढाकडे वळलं असेल तर तिथे ओढा किंवा घळ, उताराकडे वळलं असेल तर धार.

आता हिशोब करू. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशावर 2 सेंमी म्हणजे 1 किमी, आणि दोन रेषांमध्ये साधारण 20 मीटर उंची. समजा, 1 सेंमीत तुम्ही 10 रेषा ओलांडताय. म्हणजे अंतर 500 मीटर आणि चढ 200 मीटर! नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक नियम दिला: 5 किमीला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे सपाटीवर 6 मिनिटांची वाट इथे 26 मिनिटं घेते. तीही चांगली पायवाट असेल तर. पावसात आणखी वेळ धरा.

त्याच नकाशावर रंगही बघा. निळा म्हणजे पाणी, पण काळ्या रेषेचा ओढा उन्हाळ्यात कोरडा असतो. त्याच्या भरवशावर बाटली रिकामी करू नका.

तर पुढच्या वेळी कसारा लोकल पकडण्याआधी तीन कामं करा. नकाशा डाऊनलोड करा, टेरेनचे स्क्रीनशॉट काढा, आणि जायच्या वाटेवर किती रेषा ओलांडायच्या ते मोजा. आणि पाड्यावर कुणी भेटलं तर थांबून विचारा. आम्ही त्या दिवशी विचारलंही नव्हतं, आजोबांनी आपणहून हाक मारली.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!