किल्ला कुणाचा?



किल्ल्याचे नाव निघाले की आपण मराठी माणसे सरसावून बसतो. आज आपण स्कॉटलंडला जाऊ. तिथे तीन खाड्या मिळतात त्या जागी, एका चिमुकल्या बेटावर आयलीन डोनन हा १३व्या शतकातला किल्ला आहे. मालकी मॅकेन्झी घराण्याची, पण किल्लेदारी पिढ्यान्‌पिढ्या मॅक्रे घराण्याकडे.

१७१९ साली स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने बंड झाले. तेव्हा किल्ल्यावर स्पॅनिश शिबंदी होती. मे महिन्यात ब्रिटिश नौदलाने समुद्रातून तोफा डागून किल्ला घेतला आणि आत सापडलेल्या बंदुकीच्या दारूनेच तो उडवून दिला. पुढे सुमारे २०० वर्षे तिथे पडक्या भिंतीच उरल्या.

१९११ मध्ये हे बेट विकत घेतले जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप यांनी, म्हणजे किल्लेदारांच्याच वंशजाने! २० वर्षे काम चालले आणि १९३२ मध्ये किल्ला पुन्हा उभा राहिला. बेटावर जायला पूलही झाला.

मंडळी, कागदावर किल्ला मॅकेन्झींचा होता. पण त्याचे पडणे सोसले नाही ते राखणदारांना. आपल्या गडांचे आपण मालक नाही. राखणदार तरी होऊ या.